छपराचा उतार

माझ्या वर्गात रोज सकाळी हजेरीच्या आधी हवा सांगितली जायची. ही माझीच काढलेली पद्धत. जिची पाळी असेल तिनं व्हरांड्यात जायचं, आभाळ बघायचं, लिंबाच्या फांदीला बांधलेली कापडाची पट्टी कुठल्या बाजूला उडते ते बघायचं, भिंतीला हात लावायचा, आणि आत येऊन सगळ्यांना सांगायचं. शाळा इंदूरची, मुलींची, मराठी माध्यमाची. मध्य प्रदेश तेव्हा नवा नवा होता. राजधानी भोपाळला गेली म्हणून इंदूरकर अजून गाल फुगवून बसले होते. भूगोलाची पुस्तकं हिंदीतून यायला लागली होती आणि आमच्या मुली मराठीत विचार करून हिंदीत उत्तरं लिहीत, दोन्हीकडे चुका करत. मी चिडायची. मला चिडायला फारसं कारण लागत नसे, आजही लागत नाही.

दिवाळीची सुट्टी संपली आणि मौसम और जलवायु, म्हणजे हवा आणि हवामान, हा धडा आला. दोन ओळींच्या दोन व्याख्या. मुलींनी त्या घडाघडा पाठ म्हणून दाखवल्या आणि त्यातल्या एकीलाही काही कळलं नव्हतं. मी पुस्तक मिटलं.

"हे बघा," मी म्हटलं, "आज तुमची आई रागावली, ही झाली हवा. तुमची आई मुळातच रागीट आहे, हे झालं हवामान."

वर्ग हसला. पुढच्या बाकावरची एक आगाऊ मुलगी म्हणाली, "मतलब बाई, तुमचं तर हवामानच गरम आहे!" यावर वर्ग आणखी हसला आणि खरं सांगायचं तर मीही हसले.

एक मुलगी तेवढी हसली नाही. ती मागे, खिडकीजवळ बसायची. घट्ट वेण्या, कडक इस्त्रीचा फ्रॉक, आणि कुणी नुसती पेन्सिल पाडली तरी दचकायची. तिचं घर बडा गणपतीजवळ. होळकरांच्या दरबारात पणजोबा कारभारी होते म्हणे, त्यामुळे घराण्याला मान होता. वडील कचेरीत वरच्या हुद्द्यावर होते. गणेशोत्सवात आरतीला त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर लागायचा. आमच्या सातवीत हवा सांगण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. बाकीच्या मुली बाहेर डोकावून "ऊन आहे, बाई" म्हणून पळत आत यायच्या. ही बराच वेळ उभी राहायची. आधी कान द्यायची, मग बघायची.

तिनं हात वर केला. "बाई, किती दिवस तसंच राहिलं की त्याला हवामान म्हणायचं?"

प्रश्न चांगला होता. मला आनंद झाला. "दिवस नाही गं, वर्षं. तीस-एक वर्षांचं बघतात, मग म्हणतात इथलं हवामान असं."

"आणि तेवढं कुणी थांबू नाही शकलं तर?"

वर्गाला हाही विनोद वाटला. मला वाटला नाही. तिचा चेहरा मी बघत होते, आणि ती मला कोड्यात टाकायला विचारत नव्हती. तिला उत्तर हवं होतं. तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी सुटले.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी म्हणून धडा पुढे वाढवला, जरी सगळ्या वर्गाला शिकवत होते. म्हटलं, तीस वर्षं थांबायची गरज नाही. नव्या गावात गेलात, आभाळ निरभ्र आहे, पावसाचं नाव नाही. तरी तिथं पाऊस कसा पडतो हे त्याच दिवशी कळतं. आभाळ बघू नका, घरं बघा. छपराला उतार किती आहे? जोतं किती उंच आहे? भिंती किती जाड आहेत? कोकणात छपरं एकदम उतरती, राजस्थानात सपाट धाबी. लोक ज्याला घाबरतात त्याची तयारी घरात करून ठेवतात. ती तयारी बघा.

तिनं मान हलवली. मग उरलेला तास ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि मी तिला टोकलं नाही.

त्यानंतर एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. तिची पाळी असली की कधी कधी ती हवा सांगून झाल्यावर जरा थांबायची आणि म्हणायची, "संध्याकाळी बिघडेल, बाई." आभाळ तर घासून पुसून ठेवलेल्या परातीसारखं स्वच्छ. मी विचारायची, कशावरून? ती म्हणायची, "असंच." संध्याकाळी मी मल्हारगंजातल्या माझ्या घराच्या दारात उभी राहून आभाळ बघायची. काही बिघडायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेत यायची नाही.

"काल का नाही आलीस?"

"आईला बरं नव्हतं."

पहिल्यांदा मी सोडून दिलं. पुढच्या वेळी विचारलं, काय होतंय आईला? "काही नाही, बाई. पडली." तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही, कारण ती आत आली ती माझ्याकडे न बघता. मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवून घेतलं आणि इकडचं तिकडचं बोलत विचारलं, आजोळ कुठं तुझं?

"मानपुरला. आजी-आजोबा नाहीत. मामा आहे. हायवेवर त्याचं दुकान आहे."

"येतो का मामा?"

"भाऊबीजेला येतो. त्या दिवशी बाबा इतके चांगले असतात ना बाई, की मलाही वाटतं, आपलंच चुकतंय." मग जरा थांबून म्हणाली, "मामाला वाटतं, आमच्याकडे रोजच दिवाळी असते."

वर्षातून एक दिवस येऊन तो हवा बघून जायचा आणि तिलाच हवामान समजायचा. माझ्या वर्गातली सगळ्यात ढ मुलगीसुद्धा पेपरात ही चूक करत नव्हती. पण आपल्याकडे भावानं बहिणीकडे जायचं ते सणाला. वाटेल तेव्हा जाऊन थडकलं तर लोक म्हणतात, याचं काही तरी काम असणार. आणि सणाच्या दिवशी कुठल्या घरात भांडण होतं?

संक्रांत झाली. तिच्या आईनं हळदीकुंकवाला बोलावलं. मुद्दाम मुलीकडून निरोप आला, "आईनं बाईंना जरूर यायला सांगितलंय." मी गेले. घर मोठं, स्वच्छ, समोर तुळस. बायकांनी ओसरी भरली होती. पुरुष अर्थातच बाहेर गेले होते, हळदीकुंकू म्हणजे घर बायकांचं. सगळ्या मोकळेपणानं बोलत होत्या, रेडिओ लागला होता. तिची आई देखणी होती आणि थकलेली होती. हातात कोपरापर्यंत बांगड्या. पदर नीट घेतला होता तरी दिवस गेलेत हे कळत होतं. एक शेजारीण तिच्या कानाशी म्हणाली, "या खेपेला जपा हो." तिची आई हसली आणि वाण द्यायला वळली.

बायका जास्त झाल्या म्हणून गुळपोळ्या कमी पडल्या. तिची आई आत चार पोळ्या लाटायला गेली. मी बशी ठेवायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. खरं तर मला बघायचंच होतं. आईच्या हातात उंडा होता. ती मुलीला म्हणाली, "दे गं." मुलगी कोपऱ्यातल्या तांदळाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्याशी गेली, झाकण काढलं, दंडापर्यंत हात तांदळात घातला आणि आतून लाटणं बाहेर काढलं.

मी काही तरी गमतीनं बोलले. "अगं, लाटणं तांदळात पेरलंत की काय? उगवेल ना!"

"ते तिथंच असतं, बाई," मुलगी म्हणाली.

मग मी भिंतीकडे बघितलं. चुलीच्या वर ओळीनं खिळे होते, जसे सगळ्यांच्या स्वयंपाकघरात असतात. झारा नाही, चिमटा नाही, फुंकणी नाही. नुसते खिळे. खालच्या भिंतीवर वर्षानुवर्षं काही तरी टांगलेलं असल्याचे फिकट डाग होते. हाताशी येईल, उचलता येईल असं त्या स्वयंपाकघरात काहीही उघड्यावर नव्हतं.

तेवढ्यात गल्लीतून सायकलची घंटा वाजली. एकदाच. ओसरीवर कुणीतरी रेडिओ बंद केला. माझ्यासमोर तिच्या आईनं अर्धी लाटलेली पोळी तशीच ठेवली, पीठ लागलेलं लाटणं तांदळात खुपसलं, वरचे तांदूळ हातानं सारखे केले आणि मुलीनं झाकण लावलं. दोघी एकमेकींकडे बघतसुद्धा नव्हत्या. पाहुण्या बायका बाहेर बसल्या होत्या, पोळी पोळपाटावर होती, आणि ती माय काठाला बोट लावून पोळी हातानं पसरायला लागली.

तिचा बाप आत आला. खरं सांगते, मला तो आवडला. गोरा, उंच, हसरा. दारातूनच हात जोडून म्हणाला, "माफ करा हं, आज इथं आम्हाला बंदी आहे, पण चष्मा राहिला." मला म्हणाला, "बाईसाहेब, आमची पोरगी घरी तुमच्याशिवाय दुसरं बोलत नाही. रोज आम्हाला हवा सांगते." बायका कौतुकानं हसल्या. चष्मा घेऊन तो गेला. जाताना बायकोला म्हणाला, "तू बस ना जरा, किती उभी राहशील?" एक म्हातारी बाई कृतकृत्य होऊन म्हणाली, "नशीब लागतं असा नवरा मिळायला." शेजारीण तिळगूळ चघळत खाली मान घालून बसली. तिला मी नंतर बाजूला घेतलं तर ती म्हणाली, "सगळ्यांना माहीत आहे, बाई. स्वभावाला औषध नाही."

मुलगी मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. कुंकवाची पुडी माझ्या हातात देत म्हणाली, "मागच्या खेपेला आई जिन्यावरून पडली होती. बाळ गेलं. त्याच्या आधीच्या खेपेलापण पडली होती." मग जसं वर्गात विचारायची तसंच तिनं विचारलं, "एकदा झालं तर हवा ना, बाई?"

घरी जाऊन मी जेवले नाही. मुख्याध्यापिकांशी बोलले. त्या म्हणाल्या, घरोघरी मातीच्या चुली, आपण आपलं शिकवायचं काम करावं. मला इतका संताप आला की मी त्यांच्या टेबलावरचा खडूंचा डबा उपडा केला, आणि मग मुकाट्यानं सगळे खडू गोळा केले.

रविवारी मी महूमार्गे बसनं मानपुरला गेले. मामाचं दुकान शोधायला वेळ लागला नाही. आग्रा-मुंबई रस्त्यावर ट्रक थांबतात तिथं, दोरखंड, कंदील, ताडपत्र्या असा माल. मामा म्हणजे पंचविशीतला मुलगाच होता, बहिणीपेक्षा बराच लहान. आई-वडील गेलेले, लग्न व्हायचं होतं. शाळेच्या बाई आल्या म्हणून धावपळ करून त्यानं चहा मागवला. मी जे बघितलं ते सांगितलं, लाटण्यासकट. तो ऐकत होता आणि हसत होता, घाबरल्यासारखा.

"बाई, तुमची गलतफहमी झालीय. जीजाजी तर हीरा आदमी आहेत. मी दर भाऊबीजेला जातो ना. लाटणं काय, बायका कुठं पण ठेवतात."

"दर भाऊबीजेला जाता. आणि मधले सगळे दिवस?"

"मधले दिवस दुकान कोण बघणार?"

त्याच्या मागे ताडपत्र्यांची थप्पी छतापर्यंत लागली होती. त्या दिवशी आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. मी म्हटलं, "एवढ्या ताडपत्र्या भरून ठेवल्यात त्या कशाला? पाऊस तर दिसत नाही कुठं."

"दिसत नाही तर काय झालं? येणार तर आहेच. दर साल येतो."

"मग?" मी म्हटलं.

चहा गार झाला तरी त्यानं उचलला नाही. मग म्हणाला, "मी लहान आहे, बाई. जीजाजींसमोर मी काय बोलणार? आणि कशावरून बोलणार?" त्याचं चुकत नव्हतं. बहिणीचा नवरा, वयानं आणि मानानं मोठा. आणि उद्या याचं लग्न ठरायचं तर पहिला प्रश्न लोक विचारणार, बहीण घरी का बसलीय?

मी त्याला एकच मार्ग सुचवला. डोहाळजेवणाला जा, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर विचारा की बाळंतपणाला ताईला माहेरी नेऊ का? तिच्या नवऱ्याला चारचौघांत चांगलं दिसायची सवय आहे. चारचौघांत तो नाही म्हणणार नाही. झालंही तसंच. भरल्या ओसरीत बाप हसून म्हणाला, "जरूर न्या. घर तुमचं, बहीण तुमची." आणि पुढच्याच आठवड्यात मामानं बहिणीला मानपुरला नेलं.

मुलगी मात्र परीक्षेसाठी मागे राहिली, बापाजवळ. ती रोज शाळेत यायची. पाळी नसली तरी मी तिलाच हवा सांगायला पाठवायची, म्हणजे तिचा आवाज ऐकायला मिळावा. "आभाळ साफ आहे. वारा बंद आहे, बाई." रोज तेच. मी एकदा हळूच विचारलं, बाबा कसे आहेत? ती म्हणाली, "चांगले आहेत. मला ते कधीच काही करत नाहीत." मग म्हणाली, "रोज आईचं विचारतात. कधी येणार, कधी येणार." 'संध्याकाळी बिघडेल' म्हणायची, त्याच आवाजात तिनं ते सांगितलं. परीक्षा संपली त्याच दिवशी मामा येऊन तिला घेऊन गेला.

मानपुरला मुलगा झाला. या खेपेला कुणी पडलं नाही. बारशाला बाप चांदीची वाटी घेऊन गेला, सगळ्या गल्लीला पेढे वाटले, मेहुण्याच्या गळ्यात पडून रडला असं मला कळलं. सव्वा महिना झाला की तो त्यांना न्यायला येणार होता. मामानं बसच्या कंडक्टरकडून मला निरोप धाडला की त्या दिवशी या, मला काही सुचत नाही.

मी सकाळच्या बसनं गेले. जून लागला होता, रस्त्यावर धूळ आणि झळा. दुकानात ट्रकवाल्यांची झुंबड, ताडपत्र्या धडाधड विकल्या जात होत्या. मुलगी दारातच होती. मला बघून पहिलं वाक्य काय म्हणावं? "आभाळ साफ आहे, बाई." मी तिच्या डोक्यावर टपली मारली. तिचे गाल जरा भरले होते. घरात आई पाळण्याशी बसली होती, ट्रंक भरून तयार ठेवली होती. चेहऱ्यावर तेज आलं होतं, बांगड्या दोन-दोनच होत्या. स्वयंपाकघरात मामाच्या ब्रह्मचारी कारभाराप्रमाणे सगळं उघड्यावर टांगलेलं. झारा, चिमटा, आणि सगळ्यात पुढे लाटणं, खिळ्याला सुतळीनं अडकवलेलं. मुलगी म्हणाली, "आल्यापासून तिथंच आहे." तेव्हा मला रडू आलं आणि मी चुलीच्या धुराचं निमित्त केलं.

मामा मात्र डळमळला होता. मला मागच्या परसात घेऊन गेला. "बाई, माणूस बदलला दिसतो. मुलगा झाला ना. मुलगा झाल्यावर बदलतात लोक. बारशाला किती रडला तुम्ही बघायला पाहिजे होतं."

"एक दिवस रडला."

"तुम्ही तर एकच पट्टी लावून बसल्यात! खामखा घर तोडायचं का? ताई पण काही बोलत नाही. मी विचारलं, जायचंय का? म्हणे, तू सांगशील तसं. मी काय सांगू?"

मी खूप बोलले. माझा आवाज चढला, शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावलं. मी म्हटलं, तुम्ही आभाळ बघताय, घर बघा. तो म्हणाला, कुठलं घर? ते घर इंदुरात आहे, मी रोज जाऊन बघू का? मी हरले होते आणि मला ते कळत होतं. त्यानंही ते ओळखलं असावं. "सांगून येतो तिला की तयार हो," असं म्हणून तो आत गेला. मी त्याच्या मागोमाग.

तिची आई चुलीपुढे बसून नवऱ्याच्या जेवणासाठी पोळ्या लाटत होती. मामा दारात उभा राहिला, बोलायला तोंड उघडलं, आणि त्याच वेळी बाहेर दुकानात आवाज आला. "कुठं आहेत आमचे मेहुणे? भिया, जरा पाणी पाजा, इंदूरहून आलोय!" खणखणीत, लोभस आवाज. दुकानातले लोक हसले.

पोळी पोळपाटावर अर्धी होती. तिची आई उठली. शेल्फाखालच्या तांदळाच्या डब्याचं झाकण तिनं काढलं, लाटणं आत खुपसलं, वरचे तांदूळ सारखे केले. मग झाऱ्याकडे, चिमट्याकडे हात गेला. ते काढून तिनं पाळण्यातल्या गोधडीखाली सरकवले, मुलाच्या पायांशी. मुलगी धावत आली आणि झाकण लावलं. सगळं निमूटपणे, भराभर, जशा आपण संध्याकाळी खिडक्या लावतो. भाऊ दारात उभा आहे हे तिनं बघितलंही नव्हतं. मग ती खाली बसली आणि हातानं पोळी पसरायला लागली.

मामाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तो हळूहळू डब्याशी गेला. झाकण काढलं, हात आत घातला, लाटणं काढलं. त्याला पीठ लागलं होतं आणि पिठाला तांदळाचे दाणे चिकटले होते. ते हातात धरून तो तसाच बाहेर दुकानात गेला. मी आणि मुलगी मागे.

जीजाजी मिठाईची पेटी घेऊन उभे होते. मेहुण्याच्या हातात लाटणं बघून ते मनापासून हसले. "वा! म्हणजे स्वयंपाक तुम्हीच करता की काय?"

मामा हसला नाही. त्यानं लाटणं दोघांच्या मधे, दुकानाच्या फळीवर ठेवलं. "ताई नाही येणार, जीजाजी."

"का? तब्येत बरी नाही?"

"तब्येत चांगली आहे. म्हणूनच नाही येणार."

ट्रकवाले मागे झाले. मला वाटलं, आता. आता याचा खरा चेहरा दिसेल. पण नाही. त्यांनी एकदा त्या लाटण्याकडे बघितलं, त्याला चिकटलेल्या तांदळाकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे, अगदी आदरानं. "बाईसाहेबपण आल्यात. छान." मिठाईची पेटी फळीवर ठेवली. पाणी मागून प्यायले. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. ती दगडासारखी उभी राहिली. "काही हरकत नाही," ते म्हणाले, "मला घाई नाही. मी पुन्हा येईन." आणि समोरून जाणारी इंदूरची बस हात दाखवून थांबवून ते चढले. खिडकीतून त्यांनी हातही हलवला.

मामा फळीवर बसला. बराच वेळ तो रडत होता आणि ट्रकवाले ताडपत्रीचा भाव विचारत होते. मग त्यानं लाटणं धुतलं, पुसलं, आत नेऊन खिळ्याला अडकवलं आणि बहिणीच्या पायाशी जाऊन बसला. ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिली. मीठ जास्त झालेली भाजी आम्ही सगळ्यांनी खाल्ली. मला आनंद झाला होता, हे मी लपवणार नाही. इतका आनंद मला माझ्या नोकरीत पुन्हा कधी झाला नाही.

परतीच्या बससाठी निघाले तेव्हा मुलगी सोडायला आली. रस्ता तापलेला होता, दोन्ही बाजूला ट्रक उभे होते. बाप ज्या बाजूला गेला होता त्या बाजूला ती बघत होती. म्हटलं, पोरीला जरा हसवावं.

"काय मग, आज हवा काय म्हणते?"

तिनं आभाळ बघितलं, नीट, नेहमीसारखं. आधी कान दिला, मग बघितलं. "साफ आहे, बाई. वारा नाही."

"बघ!"

"पण लाटणं आईनं परत डब्यात ठेवलंय."

मला वाईट वाटलं. म्हटलं, "असू दे गं. सवय आहे, जाईल हळूहळू. तू सांग तिला, आता नको ठेवूस म्हणावं."

बस आली. तिनं माझी पिशवी वर चढवली आणि खालूनच म्हणाली, "मीच म्हटलं तिला, ठेव म्हणून."